तिकीटबारीवरचे ‘सितारे’ आणि पेडणे-डिचोलीचा सव्वा पडदा

आमिर खान यांचा ‘सितारे जमीन पर’ २० जून २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा व्यापारी वर्तुळात त्याच्याविषयी फारशी उत्सुकता नव्हती. ‘लालसिंग चढ्ढा’च्या अपयशाला तीन वर्षे झाली होती, मधल्या काळात प्रेक्षकांची चव बदलली होती, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉल संघाची विनोदी कथा पाहायला तिकीट काढून कोण जाणार, हा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. पहिल्या दिवसाची निव्वळ कमाई पावणेअकरा कोटींच्या आसपास राहिली. एवढ्या मोठ्या नटाच्या चित्रपटाला हा आकडा भूषणावह नव्हता. शनिवारी तो वीस कोटींवर गेला, रविवारी सत्तावीस कोटींच्या घरात पोहोचला आणि पहिला आठवडा सुमारे ८९ कोटींवर संपला. पुढे देशातील निव्वळ कमाई १६५ कोटींच्या पुढे गेली, तर जगभरातील एकूण कमाई २६५ कोटींच्या आसपास स्थिरावली.

या आकड्यांत सर्वांत बोलका आकडा शेवटचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ‘लालसिंग चढ्ढा’ची पहिल्या दिवसाची कमाई जवळपास एवढीच, किंबहुना किंचित जास्त होती. तो चित्रपट साठ कोटींच्या आसपास थांबला. म्हणजे दोन्ही चित्रपटांनी एकाच पायरीवरून सुरुवात केली. एकाने पहिल्या दिवसाच्या पाचपट कमावले, दुसऱ्याने पंधरापट. पहिल्या दिवशी येणारा प्रेक्षक नटासाठी येतो, जाहिरातीसाठी येतो. दहाव्या दिवशी येणारा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून येतो. ‘सितारे’च्या दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, सुमारे ४६ कोटी होती. आजच्या बाजारात दुसऱ्या आठवड्यात एवढा टिकाव धरणारे चित्रपट मोजकेच असतात. त्यातही दुसऱ्या शुक्रवारी काजोल यांचा ‘माँ’ आणि ब्रॅड पिट यांचा ‘एफ १’ हे दोन चित्रपट समोर उभे ठाकले होते, आणि त्यातला ‘एफ १’ तर खेळावरचाच.

क्रीडापट हा हिंदी चित्रसृष्टीत गेल्या काही वर्षांत तोट्याचा सौदा ठरत आला आहे. १९८३ च्या विश्वचषकावरचा ‘८३’ शंभर कोटींपर्यंत पोहोचूनही खर्चाच्या मानाने फसला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये साठ कोटींच्या पुढे गेला, पण त्याचा व्याप पाहता ते यश म्हणता आले नाही. त्याच वर्षी आलेला ‘मैदान’ पन्नास कोटींच्या आसपास अडकला. ‘मैदान’चे अपयश गोव्याला तरी चुटपुट लावणारे होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या ज्या संघाने १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या संघात फोर्तुनात फ्रांको हे गोमंतकीय होते, मूळचे कोलवाळचे. पेडण्याहून म्हापशाकडे येताना शापोरा नदी ओलांडली की लागते तेच कोलवाळ. २०१२ पासून फुटबॉल हा गोव्याचा अधिकृत राज्यखेळ आहे. तरीही फ्रांको यांचे नाव नव्या पिढीला ठाऊक करून देणारा चित्रपट आला आणि गेला.

या पार्श्वभूमीवर ‘सितारे’ का चालला? एक उत्तर असे की तो क्रीडापट असला तरी विजयाचा चित्रपट नाही. गंभीर क्रीडापटाचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. तिरंगा फडकणार, राष्ट्रगीत वाजणार, आणि त्याआधी दोन तास कोणीतरी अपमान सोसणार. ऐतिहासिक घटनेवर आधारलेला चित्रपट असेल तर धावसंख्यादेखील पाठ असते. ‘सितारे’त दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या उद्धट प्रशिक्षकाला न्यायालय शिक्षा म्हणून या संघाकडे पाठवते. संघ अंतिम सामन्यापर्यंत जातो आणि तिथे हरतो. हरल्यावर रडण्याऐवजी तो नाचू लागतो, आणि खरोखर हरला तो प्रशिक्षक, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते. हसत हसत बाहेर पडलेले कुटुंब घरी जाऊन दुसऱ्या कुटुंबाला सांगते. ‘दंगल’च्या अफाट यशातही कुस्तीइतकाच वाटा पूर्वार्धातल्या खुसखुशीत घरगुती विनोदाचा होता, हे इथे आठवावे.

ग्रामीण गोव्यातील प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरतात, तिथे ध्वनिक्षेपकावरून होणारे समालोचन ऐकायला क्रिकेटमध्ये रस नसलेले लोकही येऊन बसतात. झेल सुटला की खेळाडूच्या सासुरवाडीपर्यंतचा उद्धार होतो आणि तो खेळाडूही हसतो. पेडण्याच्या जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या दशावतारात शंकासुराची थट्टामस्करी आणि देवाचे अवतरणे एकाच मांडावर नांदते. हसणे आणि गांभीर्य यांची फारकत करण्याची सवय या मातीला नाही. मराठी चित्रपटाने मात्र हा धागा क्वचितच पकडला. महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ या २०१० च्या चित्रपटात क्रिकेट आणि परीक्षा यांची सांगड होती; त्यानंतर खेळावरचा खळखळून हसवणारा मराठी चित्रपट आठवायला बराच वेळ लागतो.

‘सितारे’ची कथा भारतीय नाही, ही गोष्ट लपवलेली नव्हती. मूळ स्पॅनिश चित्रपट ‘काम्पेओनेस’, दिग्दर्शक हाविएर फेसेर. तो एप्रिल २०१८ मध्ये स्पेनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीचा सर्वाधिक कमाई करणारा स्पॅनिश चित्रपट ठरला. सुमारे एक कोटी नव्वद लाख युरो त्याने मिळवले आणि पुढच्या वर्षी तिथला मानाचा गोया पुरस्कारही. त्या कथेमागे प्रेरणा होती व्हॅलेन्सियाजवळच्या बुर्जासोत गावातील एका प्रत्यक्ष संघाची, ज्याने १९९९ ते २०१४ या काळात बारा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. हॉलिवूडने याच कथेवर २०२३ मध्ये ‘चॅम्पियन्स’ काढला, वुडी हॅरलसनसारखा नट घेऊन. जगभरात त्याची कमाई दोन कोटी डॉलरलाही पोहोचली नाही. स्पेनची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास, अमेरिकेची तेहतीस कोटींच्या पुढे. कथा तीच, प्रसंग बहुतांशी तेच. जिथे प्रेक्षकाने तो चित्रपट आपला मानला तिथे चित्रगृहे भरली, आणि जिथे तो नेहमीच्या साच्यातला आणखी एक खेळाचा चित्रपट वाटला तिथे नाही. भारतीय आवृत्तीचे दिग्दर्शक आर. एस. प्रसन्ना आणि लेखक दिव्य निधी शर्मा यांनी कथेला दिल्लीची बोली आणि इथली कुटुंबे दिली, त्याचा हा मोबदला.

या कथेला स्पेनमध्येच एक काळी किनार आहे. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिक स्पर्धेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलचे सुवर्णपदक स्पेनने जिंकले आणि नंतर उघड झाले, की बारापैकी दहा खेळाडूंना कोणतीही अक्षमता नव्हती. पदक परत गेले. शिक्षा मात्र भलत्यांनाच झाली. या गटातील खऱ्या खेळाडूंना पॅरालिम्पिकची दारे बंद झाली, ती २०१२ च्या लंडन स्पर्धेत उघडली. ज्या देशात दहा धडधाकट माणसांनी अशा खेळाडूंची जागा चोरली, त्याच देशाने पुढे खऱ्या व्यक्तींना घेऊन चित्रपट केला. आपल्याकडेही दहाही खेळाडूंच्या भूमिका बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या नवोदितांनी केल्या. आशिष पेंडसे, संवित देसाई, सिमरन मंगेशकर ही नावे श्रेयनामावलीत वाचताना मराठी डोळा क्षणभर थबकतो. या दहा जणांना एखादा मोठा नट ‘उभा’ करू शकला नसता, आणि प्रेक्षकाने ते ओळखले. यशाचे दुसरे उत्तर हेच असावे.

आता हिशेबाकडे. बातम्यांत झळकणारे १६५ कोटी निर्मात्याच्या हाती पडत नाहीत. ‘निव्वळ’ म्हणजे वस्तू व सेवा कर वजा जाता उरलेली तिकिटांची रक्कम. त्यातला वाटा चित्रगृहाचा असतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संघर्ष झाला होता, नवे हिंदी चित्रपट दोन महिने अडून राहिले होते. त्यातून ठरलेल्या सूत्रानुसार वितरकाला पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के वाटा मिळतो. हे सूत्र लावले तर ‘सितारे’च्या देशांतर्गत कमाईतून निर्मात्याच्या बाजूला ढोबळमानाने ७५ कोटी आले असावेत. गंमत अशी, की हे सूत्र पहिल्याच आठवड्यात कमावून मोकळे होणाऱ्या चित्रपटाला बक्षीस देते आणि तोंडी प्रशंसेने हळूहळू चढणाऱ्या चित्रपटाला दंड करते. लहान मराठी वा कोकणी चित्रपटाला तर चौथा आठवडा दिसतच नाही; दिसला तरी त्यातले तीसच टक्के त्याचे.

गोव्याचा वाटा यात किती? याचे उत्तर जाहीर तक्त्यांत सापडत नाही, आणि त्याचे कारण कोणाचा निष्काळजीपणा नाही. भारतीय चित्रपट व्यवसायाने देशाचे जे वितरण विभाग पाडले आहेत, त्यांत गोवा स्वतंत्र नाही. मुंबई, महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा काही भाग, गुजरात आणि गोवा मिळून ‘मुंबई सर्किट’ होते. ही विभागणी जुनी आहे आणि व्यवसायाने ती सोयीची म्हणून टिकवली. गोवा १९८७ मध्ये घटकराज्य झाला, २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. तिकीटबारीच्या नकाशावर मात्र त्याची सीमा उमटली नाही. म्हणून गोव्यात कोणता चित्रपट किती चालला याची चर्चा ऐकीव गोष्टींवरच चालते.

तरी साध्या गणिताने काही अंदाज बांधता येतो. कर धरून ‘सितारे’ची देशातील कमाई दोनशे कोटींच्या जवळ जाते. तिकिटाची सरासरी किंमत दोनशे रुपये धरली तर सुमारे एक कोटी तिकिटे विकली गेली. एकशे चाळीस कोटींच्या देशात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. मे २०२५ मध्ये मुंबईच्या ‘वेव्हज’ परिषदेत आमिर खान यांनीच म्हटले होते, की भारतात सर्वाधिक चाललेला चित्रपटदेखील चित्रगृहात जाऊन पाहणारे लोक दोन टक्क्यांच्या आसपास असतात. भारतात पडदे सुमारे दहा हजार, लोकसंख्येने चौथा हिस्साही नसलेल्या अमेरिकेत चाळीस हजार, चीनमध्ये नव्वद हजार, अशी तुलनाही त्यांनी मांडली होती.

हेच गणित पेडणे आणि डिचोलीला लावून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांना थोडी कमी, म्हणजे राज्याच्या बारा टक्के. देशात सरासरी एक लाख चाळीस हजार माणसांमागे एक पडदा येतो. त्या दरिद्री सरासरीनेही या दोन तालुक्यांना मिळून सव्वा पडदा यायला हवा. अमेरिकेच्या सरासरीने वीस. आणि ‘सितारे’च्या तिकिटांची देशभर समान वाटणी केली, तर दोन्ही तालुक्यांच्या वाट्याला बाराशे-साडेबाराशे तिकिटे येतात; एका मध्यम जत्रेतल्या एका रात्रीच्या नाटकाला होते त्याहून फार मोठी नसलेली गर्दी.

प्रत्यक्षात समान वाटणी होत नाही. एकपडदा चित्रगृहांचा काळ संपत गेला. पणजीचे सिने नॅशनल कधीच बंद पडले, डिचोलीकरांच्या जुन्या पिढीला हिरा टॉकीजच्या आठवणी सांगायला लागाव्यात अशी वेळ आली. नव्या चित्रपटाचा सर्व खेळांसह, सर्व सोयींसह आस्वाद घ्यायचा तर पर्वरी किंवा पणजी गाठावी लागते. केरी-तेरेखोलहून वा साखळीपलीकडच्या खेड्यातून हे अंतर पावसाळ्यातल्या संध्याकाळी केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. ‘सितारे’ आला तो जूनच्या मध्यात, शेतात लावणीची घाई आणि रस्त्यावर पाणी अशा दिवसांत. रात्रीच्या खेळानंतर गावापर्यंत कदंबची बस मिळेल याची हमी नसते, त्यामुळे स्वतःचे वाहन आले. चौघांच्या कुटुंबाची तिकिटे, पेट्रोल, मध्यंतरातला मक्याचा पुडा असे सगळे धरले तर दीड-दोन हजारांची नोट सहज मोडते.

इथल्या माणसाला पैसे खर्चून करमणूक पाहण्याची सवय नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पेडणे १७८८ मध्ये आणि डिचोली त्याच्या काही वर्षे आधी सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेली. जुन्या काबिजादींच्या तुलनेत त्यांचा महाराष्ट्राशी असलेला भाषेचा आणि रंगभूमीचा धागा कधी तुटला नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारी हौशी मंडळे, देवळांच्या उत्सवांतली ऐतिहासिक-पौराणिक नाटके, सिंधुदुर्गातून येणारी दशावतारी मंडळे यांना प्रेक्षक कमी पडल्याचे ऐकिवात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला दिलीप प्रभावळकर यांचा ‘दशावतार’ वीस कोटींच्या पुढे गेला. तळकोकणातील कलावंत आणि खाणींचा प्रश्न यांवरची ती कथा. तिचे कथानक डिचोलीच्या खाणपट्ट्याला आणि पेडण्याच्या मांडाला जेवढे जवळचे, तेवढे मुंबईतल्या प्रेक्षकाला असण्याचे कारण नाही. आणि तरीही तिच्यासाठी मुंबईकराच्या घराजवळ पडदा होता.

पेडणे तालुक्यात गेल्या काही वर्षांत काय काय आले हे पाहिले की विसंगती ठळक होते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आली. २०२४ च्या डिसेंबरात लोकांचा विरोध असतानाही ‘सनबर्न’ याच धारगळात झाला. परगावच्या प्रवाशाला, रुग्णाला, नाचणाऱ्याला जागा मिळाली. कोरगाव-पार्सेच्या माणसाला रविवारी मुलांना घेऊन चित्रपट पाहायचा असेल, तर चित्र वेगळे आहे.

सरकारने चित्रपटांसाठी काहीच केले नाही असे नाही. ‘द काश्मीर फाइल्स’ आणि ‘छावा’ गोव्यात करमुक्त झाले. वस्तू व सेवा कर आल्यापासून ‘करमुक्त’चा अर्थ एवढाच, की राज्य आपल्या वाट्याचा कर सोडते. शंभर रुपयांवरील तिकिटाला अठरा टक्के कर असतो, त्यातला निम्मा राज्याचा. म्हणजे तिकीट नऊ टक्क्यांपर्यंत उतरते. अडीचशेच्या तिकिटामागे वीस रुपयांचीही बचत होत नाही, आणि पेडण्याहून पर्वरीच्या पेट्रोलचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. करमाफी ही पडद्याजवळ राहणाऱ्याला दिलेली सवलत ठरते. निर्णय कोणत्या चित्रपटासाठी झाला हा वादाचा विषय होऊ शकतो. तो कोणाच्या खिशात उतरतो यावर मात्र वाद घालायला जागा नाही.

नेमक्या याच ठिकाणी ‘सितारे’ने घेतलेला दुसरा निर्णय पेडणे-डिचोलीच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. साधारणपणे मोठा चित्रपट आठ आठवड्यांनी एखाद्या ओटीटी मंचावर जातो, आणि ते हक्क विकूनच निर्माता बराचसा खर्च आधी वसूल करतो. आमिर खान यांनी तसा व्यवहार केला नाही. शंभर कोटींहून मोठे प्रस्ताव नाकारल्याची चर्चा होती. चित्रगृहांत सहा आठवडे झाल्यावर, १ ऑगस्ट २०२५ पासून, चित्रपट यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने उपलब्ध झाला. स्वातंत्र्यदिनाच्या दिवसांत तो दर पन्नासवर आणला गेला. प्रदर्शनापूर्वी यूट्यूबच्या बातमीचा इन्कार केल्याबद्दल त्यांना नंतर जाहीर माफीही मागावी लागली. चित्रगृहांचा धंदा बुडू नये म्हणून खोटे बोलावे लागले, असे त्यांचे म्हणणे. मल्टिप्लेक्सचालकांना हे रुचले असेल असे मानण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेत वर्गणी नाही, वर्षभराचे बंधन नाही. भाडे डोक्यांवर आकारले जात नाही, पडद्यावर आकारले जाते. घरात चार माणसे असतील तर प्रत्येकी पंचवीस रुपये, आजी-आजोबा आणि शेजारची दोन मुले आली तर त्याहून कमी. चित्रगृहात मोठे कुटुंब म्हणजे मोठा खर्च, इथे ते उलटे होते. एकत्र कुटुंबे आणि वाड्यावरचा शेजार अजून टिकून असलेल्या भागात हा फरक लहान नाही. अर्थात सार्वजनिक सभागृहात तोच चित्रपट दाखवायचा तर वेगळा परवाना लागतो. घरगुती भाड्यावर पंचायत सभागृहात शंभर खुर्च्या मांडता येत नाहीत, हे गावच्या उत्साही मंडळांनी ध्यानात ठेवलेले बरे.

पण या शंभर रुपयांचा आकडा तिकीटबारीच्या कोणत्याही तक्त्यात जमा होत नाही. डिचोलीच्या एखाद्या घरात सहा जणांनी चित्रपट पाहिला, रडले, हसले, दुसऱ्या दिवशी दहा जणांना सांगितले, तरी ‘१६५ कोटी’चे १६५ कोटी व सहा माणसे होत नाहीत. पुढचा चित्रपट कोणासाठी काढायचा हे ठरवणाऱ्या माणसासमोर जो कागद असतो, त्यावर पर्वरीच्या मल्टिप्लेक्सचा प्रेक्षक मुंबई सर्किटचा भाग म्हणून का होईना, असतो. यूट्यूबवरचा प्रेक्षक निर्मात्याच्या खाजगी खात्यात असतो. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. ज्यांची गणती होते त्यांच्या आवडीप्रमाणे चित्रपट बनतात. गेल्या काही वर्षांत मोठ्या पडद्यावर मारधाडीचे, भव्यतेचे चित्रपट वाढले, त्याचे एक कारण असे सांगितले जाते, की महागडे तिकीट काढणाऱ्याला घरी न मिळणारे काहीतरी दिसले पाहिजे. साधी विनोदी कथा त्या शर्यतीत मागे पडते. ‘सितारे’ त्या शर्यतीतही टिकला, पण त्याच्या पाठीशी आमिर खान होते आणि ओटीटीचे पैसे नाकारण्याची ऐपत होती. पणजीच्या मराठी चित्रपट महोत्सवात कौतुक झालेल्या एखाद्या लहान निर्मात्याकडे यातले काय असते?

आणखी एक प्रेक्षक आहे, ज्याच्यावर हा चित्रपट बेतला आहे आणि ज्याला चित्रगृह सर्वांत दूरचे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वाचा हा एकत्र आकडा आहे. त्या प्रमाणात पेडणे आणि डिचोलीत मिळून चार हजारांच्या जवळपास व्यक्ती येतात, म्हणजे ‘सितारे’च्या सरासरी तिकिटांच्या तिप्पट. डिचोलीजवळ सर्वण येथे केशव सेवा साधनची विशेष मुलांची शाळा आहे. पर्वरीला संजय स्कूल, फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान. जानेवारी २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरू लागला, पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला, आणि दिव्यांगांच्या प्रश्नावर गोव्याचे नाव देशात आदराने घेतले जाऊ लागले. त्या चार दिवसांत राजधानीत जे दिसते ते खेड्यात वर्षभर दिसत नाही, एवढेच.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रगृहांतील सुलभतेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्यांसाठी चित्रपटांना संवादपट्टी आणि ध्वनिवर्णन असावे, असा त्यांचा रोख आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची गरज आणखी वेगळी असते. अंधार, कर्णकर्कश आवाज, तीन तास एका जागी बसणे हे त्याला जड जाते. तो मध्येच उठतो, मोठ्याने बोलतो, आणि मागच्या रांगेतून येणारी ‘शूऽऽ’ त्याच्या आईला ऐकू येते. अनेक देशांत अशा मुलांसाठी दिवे मंद ठेवून, आवाज कमी करून, मध्ये फिरण्याची मुभा देऊन खास खेळ लावले जातात. पर्वरीपर्यंत जाऊन अपमान सोसण्यापेक्षा अशी कुटुंबे चित्रगृहाचा नाद सोडून देतात. ज्या चित्रपटाने प्रशिक्षकाला अडीच तासांत शहाणे केले, तो पाहताना प्रेक्षकही तितकाच शहाणा झाला का, हे कोणत्याच तक्त्यातून कळणार नाही. त्यांच्यासाठी घरच्या पडद्यावरचे शंभर रुपये ही सोय आहे. ती एकमेव सोय असणे ही वेगळी गोष्ट झाली.

मार्ग अवघड नाहीत. साखळीला रवींद्र भवन आहे. आसने, वातानुकूलन, वाहनतळ सारे आहे. मनोरंजन संस्थेकडे महोत्सवाच्या निमित्ताने जमवलेला प्रक्षेपणाचा अनुभव दोन दशकांचा आहे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार परवान्यानिशी चित्रपट दाखवायचे ठरवले, त्यातला एक खेळ विशेष मुलांच्या कुटुंबांसाठी राखला, तर सव्वा पडद्यातला पाव तरी भरून निघेल. साखळी हा मुख्यमंत्र्यांचाच मतदारसंघ असल्याने निर्णयाची फाइल फार फिरण्याची गरज नाही. पेडण्याला यासाठी स्वतंत्र जागा शोधावी लागेल आणि तिथे काम अधिक आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटांना अठरा टक्के कायम राहिला. म्हणजे कायद्याने आता स्वस्त तिकीट विकणाऱ्या चित्रगृहाच्या बाजूने थोडे वजन टाकले आहे. मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी शंभरात तिकीट मिळणे जवळपास अशक्य, त्यामुळे तिथे या सवलतीचा उपयोग होत नाही. ती घेऊ शकेल असा पडदा तालुक्याच्या गावातला, दोन-अडीचशे खुर्च्यांचा. दर शंभराच्या आत ठेवून आठवड्याला किती खेळ चालवले तर वीजबिल आणि वितरकाचा वाटा निघतो, याचा हिशेब मांडून पाहायला डिचोलीतील किंवा पेडण्यातील एखाद्या व्यावसायिकाला आता पूर्वीपेक्षा अधिक कारण आहे.